पाण्याच्या पायऱ्या

पाण्याचा स्वभाव उताराकडे धावण्याचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस ओढ्यांतून नदीत आणि नदीतून समुद्रात जातो. वाटेत तो कोठेही मागे वळून चढण चढत नाही. शेताला पाणी देण्यासाठी पाट खणणारा शेतकरी हे ओळखून असतो आणि पाटाचा आरंभ वर व शेवट खाली राहील अशीच आखणी करतो. मग पाण्यावर तरंगणाऱ्या नावेने डोंगर कसा ओलांडावा? आगगाडीला घाट चढावयाचा असला, तर तिला मागून आणखी एक इंजिन जोडता येते. नावेची वाट मात्र पाण्याचीच. ती वाट तिरपी केली, की वाटच वाहून जाते.

असे असूनही फ्रान्सच्या दक्षिण भागात १६८१ सालापासून नावा चढण चढत आहेत. तुलूज या शहरातून निघालेली नाव ५७ मीटर वर चढते, एका खिंडीतून पलीकडे जाते आणि तेथून १८९ मीटर खाली उतरून भूमध्य समुद्राच्या काठाला लागते. या जलमार्गाची लांबी २४० किलोमीटर असून त्याला ‘कनाल द्यु मिदी’, म्हणजे दक्षिणेचा कालवा, असे नाव आहे. वाटेत नाव कोणी उचलत नाही, की चाकांवर घालून ओढत नाही. तिला वर चढविते आणि खाली उतरविते ते पाणीच.

फ्रान्सचा नकाशा समोर ठेवला, म्हणजे या कालव्याची गरज चटकन ध्यानात येते. त्या देशाच्या पश्चिमेस अटलांटिक महासागर आहे आणि आग्नेयेस भूमध्य समुद्र. पूर्वी एका किनाऱ्यावरचा माल दुसऱ्या किनाऱ्याला न्यावयाचा, तर गलबताला सगळा स्पेन देश वळसा घालून, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून, सुमारे ३,००० किलोमीटरचा फेरा करावा लागे. या फेऱ्यात वादळांचे भय होते. त्याहून अधिक भय चाच्यांचे होते. अटलांटिककडून गारोन नदीतून तुलूजपर्यंत नावा येत असत. तेथून भूमध्य समुद्र तसा दूर नव्हता. मधली जमीन खणून कालवा काढावा, हा विचार अनेकांच्या मनात येऊन गेला होता. परंतु तो विचार प्रत्येक वेळी एका ठिकाणी येऊन अडत असे. ते ठिकाण म्हणजे नॉरूजची खिंड. खिंडीच्या अलीकडचे पाणी अटलांटिककडे जाते, पलीकडचे भूमध्य समुद्राकडे. दोन समुद्रांमधला हा उंबरठा नावेने ओलांडावयाचा होता.

उंबरठा चढण्याची युक्ती त्या काळी नवी नव्हती. तिचा शोध चीनमध्ये लागला होता. तेथील मोठ्या कालव्यावर धान्याने भरलेल्या नावा चढावाच्या जागी दोरांनी घसरणीवरून ओढून नेत. या ओढाताणीत नावा फुटत, धान्य सांडे आणि त्या गोंधळात चोरांचे फावे. च्याओ वेइयुए नावाच्या अधिकाऱ्याने इ. स. ९८४ मध्ये यावर उपाय काढला. त्याने कालव्यात सुमारे ७५ मीटर अंतरावर दोन दरवाजे बसविले आणि मधल्या जागेत पाणी कमीजास्त करून नावा वरखाली केल्या. दोन दरवाजांमधल्या अशा हौदाला जलपाश म्हणतात. ‘लॉक’ हा त्याचा इंग्रजी शब्द आपल्याकडेही रूढ आहे. मुंबईच्या इंदिरा गोदीत समुद्रातून शिरणारी जहाजे अशाच एका मोठ्या जलपाशातून आत येतात. त्यामुळे भरती-ओहोटीने बाहेरचे पाणी चढले-उतरले तरी गोदीतले पाणी आतच राहते.

जलपाशाचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे. नाव खालच्या बाजूने येत आहे अशी कल्पना करावी. हौदातील पाणी खालच्या कालव्याइतकेच ठेवलेले असते आणि खालचा दरवाजा उघडा असतो. नाव आत शिरते. तिच्यामागे दरवाजा बंद होतो. मग वरच्या दरवाजातील लहान झडपा उचलतात आणि वरचे पाणी धो धो आवाज करीत हौदात येऊ लागते. नाव हेलकावते, म्हणून तिचे दोर काठावरील खुंटांना वेढा देऊन धरून ठेवतात. हळूहळू हौद भरतो आणि भिंतीच्या तळाशी असलेली नाव काठाच्या बरोबरीला येते. जी माणसे क्षणापूर्वी ओल्या दगडांकडे पाहत होती, त्यांना आता शेते आणि झाडे दिसू लागतात. हौदातील पाणी वरच्या कालव्याशी सारखे झाले, की वरचा दरवाजा उघडतो आणि नाव पुढे जाते. उतरताना हाच क्रम उलट होतो. उतरताना एक सावधगिरी बाळगावी लागते. दोर खुंटाला घट्ट बांधावयाचा नाही, हातात धरून सोडीत राहावयाचा. नाहीतर पाणी खाली जाते आणि नाव भिंतीला लोंबकळत राहते.

हे दरवाजेही मोठ्या विचाराने केलेले असतात. दोन्ही हातांचे तळवे बोटांच्या टोकांशी टेकवून पुढे धरले असता जसा कोन होतो, तशी त्याची दोन दारे मिटतात, आणि कोनाचे टोक चढाच्या बाजूला असते. त्यामुळे वरचे पाणी जितके जोराने रेटते, तितकी दारे अधिक घट्ट बसतात. पाणी दोन्हीकडे सारखे नसेल, तर दहा माणसांनी जोर लावूनही ती हलत नाहीत. सारखे झाले, की एक माणूस ती सहज लोटतो. लिओनार्दो दा व्हिंचीने मिलान शहराच्या कालव्यासाठी काढलेली अशा दरवाजांची चित्रे आजही पाहावयास मिळतात.

एवढे सगळे ठाऊक असताना नॉरूजची खिंड का अडवीत होती? अडचण दरवाजांची नव्हती, पाण्याची होती. नाव चढो की उतरो, प्रत्येक वेळी एक हौदभर पाणी वरून खाली जाते आणि ते परत वर येत नाही. या कालव्यावरील एका साध्या जलपाशाची लांबी सुमारे ३० मीटर. रुंदी सरासरीने ९ मीटर आणि चढ अडीच मीटर धरला, तर एका खेपेला सहा-सात लक्ष लिटर पाणी लागते. नाव मोठी असो वा छोटी, खर्च साधारण तेवढाच. म्हणूनच लहान नावांना थांबवून त्या एकत्र सोडण्याचा प्रघात आहे. खिंड ओलांडणारी नाव माथ्यावरून निदान दोन हौद पाणी घेऊन जाते, एक अलीकडच्या उतारावर आणि एक पलीकडच्या. दिवसभरात वीस नावा गेल्या, तर किती पाणी लागेल, याचा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. आणि खिंडीच्या माथ्यावर तर एकही नदी नव्हती! माथ्यावर पाणी कोठून आणावयाचे, या एका प्रश्नाने कालवा अडला होता.

या प्रश्नाचे उत्तर शोधणारा माणूस स्थापत्यशास्त्री नव्हता. पिएर-पोल रिके हा बेझ्ये गावात जन्मलेला गृहस्थ राजाच्या वतीने मिठावरील कर गोळा करीत असे. मिठावरचा कर म्हटला, की आपल्याला १९३० सालची दांडीयात्रा आठवते; फ्रान्समधील लोकांनाही हा कर तितकाच नकोसा होता. रिकेने या कामात पुष्कळ पैसा मिळविला. पण या कामामुळेच तो लांगदॉक प्रांतात गावोगाव हिंडला आणि कोणता ओढा कोठून कोठे जातो, हे त्याला पाठ झाले. नॉरूजजवळ एका झऱ्याचे पाणी खडकाशी दुभंगून दोन बाजूंना जाताना त्याने पाहिले आणि तेथे त्याला कालव्याची कल्पना सुचली, असे सांगतात. ही कथा खरी असो वा नसो, त्याने पुढे जे केले ते मात्र नोंदलेले आहे.

खिंडीच्या उत्तरेस ‘मोंतान्य न्वार’, म्हणजे काळा डोंगर, या नावाची डोंगररांग आहे. तेथे पाऊस भरपूर पडतो. तेथील ओढे अडवून त्यांचे पाणी डोंगराच्या कडेकडेने आणले, तर ते नॉरूजच्या माथ्यावर आपोआप उतरेल, कारण काळा डोंगर खिंडीपेक्षा उंच आहे. पाण्याला चढावयास लावावयाचे नाही. ते मुळातच वर आहे तेथून आणावयाचे! रेव्हेल गावचा काम्पमास नावाचा एक पाणक्या, गावचे पाट आणि झरे सांभाळणारा, या डोंगराची प्रत्येक घळ ओळखत होता. त्याच्यासह रिकेने डोंगर पायांखाली घातला. बोंरपो येथील आपल्या वाड्याच्या बागेत त्याने लहानसा कालवा, लहानसे जलपाश आणि पाट करून पाहिले. १५ नोव्हेंबर १६६२ रोजी त्याने राजा चौदावा लुई याचा मंत्री कोल्बेर यास पत्र लिहून आपली योजना कळविली. तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेली होती. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीला पाणी खरोखरच खिंडीपर्यंत येईल याचा भरवसा वाटेना. तेव्हा रिकेने १६६५ मध्ये एक अरुंद चर खणवून डोंगराचे पाणी नॉरूजला आणून दाखविले. डोळ्यांदेखत वाहणाऱ्या पाण्याशी वाद कोण घालणार? १६६६ च्या ऑक्टोबरात राजाज्ञा निघाली. खर्चाचा मोठा भाग राजाने आणि प्रांताने उचलावयाचा आणि सुमारे एक पंचमांश रिकेने स्वतः घालावयाचा, असे ठरले.

आता तुलूजहून निघणाऱ्या नावेबरोबर जाऊ. शहर मागे पडते आणि एकामागून एक जलपाश येऊ लागतात. प्रत्येक जलपाशापाशी रखवालदाराचे छोटे घर आहे आणि त्या घरावरील पाटीवर मागचा आणि पुढचा जलपाश किती अंतरावर आहे, ते कोरलेले आहे. या जलपाशांचा आकार पाहून प्रथम नवल वाटते. इतरत्र ते सरळ भिंतींचे असतात. येथे मात्र दोन्ही भिंती बाहेर फुगलेल्या असून हौद अंड्यासारखा लांबट गोल दिसतो. याचे कारण एक अपघात आहे. आरंभी बांधलेल्या एका जलपाशाच्या सरळ भिंती मागच्या मातीच्या दाबाने आत कोसळल्या. तेव्हा रिकेने भिंतींना कमानीसारखा बाक दिला. आपल्याकडील विहिरीचे गोल बांधकाम चहूकडून माती दाबत असूनही ढासळत नाही, उलट दगड एकमेकांना घट्ट धरून बसतात. त्यातलाच हा प्रकार. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे ते बाकदार हौद आजही वापरात आहेत.

सुमारे ५० किलोमीटरनंतर चढ संपतो. शेवटच्या चढत्या जलपाशाचे नाव आहे ‘महासागर’. तेथून पाच किलोमीटर गेल्यावर पहिला उतरता जलपाश लागतो. त्याचे नाव ‘भूमध्य समुद्र’. या दोहोंच्या मधला पाच किलोमीटरचा तुकडा म्हणजे कालव्याचा माथा. नाव येथे सपाट पाण्यावरून संथपणे जाते आणि प्रवाशाला काही विशेष घडत आहे असे वाटतही नाही. पण येथेच उजवीडावीकडे नीट पाहिले, तर झाडीतून येणारा एक लहानसा पाट कालव्याला मिळताना दिसतो. काळ्या डोंगराचे पाणी ते हेच. यातले काही तुलूजकडे जाईल, काही समुद्राकडे. हा पाट आटला, तर दोन्ही उतारांवरील नावा जेथल्या तेथे थांबतील.

उन्हाळ्यात ओढे आटतात, हे रिकेला ठाऊक होते. यासाठी त्याने सें-फेरेओल येथे १६६७ ते १६७२ या काळात धरण बांधले. दगडाच्या भिंतींमध्ये माती ठासून भरलेले हे धरण सुमारे ३५ मीटर उंच आणि ७८० मीटर लांब असून त्यात सुमारे ६३ लक्ष घनमीटर पाणी मावते. त्या काळच्या युरोपात एवढे मोठे धरण दुसरे नव्हते. काम ऐन भरात होते तेव्हा कालव्यावर १२,००० माणसे राबत होती. त्यांत शेकडो स्त्रिया होत्या. टोपल्यांतून माती वाहून त्यांनी धरण उभे केले. पिरेनीज पर्वतातून आलेल्या काही स्त्रियांना डोंगरउतारावरून पाणी खेळविण्याचे ज्ञान परंपरेने होते आणि ते या कामी आले, असे इतिहासाचे अभ्यासक सांगतात. त्यांची नावे कोठे लिहून ठेवलेली नाहीत. रिके मजुरांना रविवारचे, सणाचे, पावसाने काम बंद पडेल त्या दिवसाचे आणि आजारपणाचेही वेतन देत असे. ही गोष्ट त्या काळी इतकी अपूर्व होती, की आसपासच्या जमीनदारांना आपली माणसे टिकविणे जड गेले असेल!

रिकेचे सगळेच बेत साधले असे नाही. नॉरूजच्या माथ्यावर त्याने अष्टकोनी तलाव बांधला होता आणि त्याच्या काठी एक नगर वसविण्याचे त्याच्या मनात होते. तलाव थोड्याच वर्षांत गाळाने भरून गेला. नगर वसलेच नाही. आज तलावाच्या जागी झाडे आहेत. आणखी एक उणीव पुढे उघड झाली. वाटेतले ओढे सरळ कालव्यात येत आणि पुराबरोबर गाळ आणून टाकीत. १६८६ मध्ये व्होबां या प्रसिद्ध स्थापत्यशास्त्र्याने कालव्याची पाहणी केली आणि ओढे कालव्याखालून जातील अशा मोऱ्या व पूल बांधविले. ती बांधकामे झाली नसती, तर सगळा कालवाच त्या तलावाच्या वाटेने गेला असता.

‘भूमध्य समुद्र’ हा जलपाश ओलांडला, की उतार सुरू होतो. कास्तेलनोदारी गावी सात हेक्टरांचा विस्तीर्ण जलाशय लागतो. तो शोभेसाठी नाही. त्याच्या खालीच सें-रॉक येथे चार हौद एकाला एक लागून आहेत आणि त्यांना लागणारे पाणी येथे साठवून ठेवलेले असते. १७८७ च्या मे महिन्यात याच वाटेने टॉमस जेफरसन हा अमेरिकेचा वकील समुद्राकडून तुलूजकडे गेला. त्याने आपल्या घोडागाडीची चाके काढून ती नावेवर ठेवविली होती. गाडीत बसून तो वाचीत-लिहीत असे आणि कंटाळा आला, की काठाने पायी चाले. घोड्याने ओढलेली नाव माणसाच्या चालीनेच जात असल्यामुळे तो मागे पडत नसे. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या या चौकस माणसाने जलपाशांची बारकाईने टिपणे केली. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. कास्तेलनोदारीहून तो मुद्दाम घोड्यावर बसून काळ्या डोंगरात गेला आणि पाणी कोठून येते, ते स्वतः पाहून आला.

त्या काळी तुलूज ते आग्द या गावापर्यंत टपालनाव चालत असे. तिला चार दिवस लागत. दुपारचे जेवण कोठे, रात्रीचा मुक्काम कोठे, हे ठरलेले असे. ल सोमाय या छोट्या गावी प्रवासी रात्र काढीत. जेथे अनेक हौद एकाला एक लागून आहेत, तेथे वेळ आणि पाणी वाचविण्यासाठी प्रवाशांना उतरवीत. ते आपली गाठोडी घेऊन पायी खाली जात आणि तेथे उभ्या असलेल्या दुसऱ्या नावेत बसत.

ल सोमायच्या आसमंतात ५४ किलोमीटरचा टप्पा असा आहे, की त्यात एकही जलपाश नाही. कालवा टेकड्यांच्या कडेकडेने, एकच पातळी धरून, नागमोडी जातो. या टप्प्याच्या वाटेत आंसेरूनची टेकडी आडवी येते. येथे भुसभुशीत खडक लागला आणि काम थांबले. रिकेच्या विरोधकांना हवे होते तेच झाले. सरकारकडूनही काम थांबविण्याचा हुकूम आला. तरीही रिकेने गुपचूप बोगदा खणविला, असे सांगतात. मालपाचा हा बोगदा सुमारे १६५ मीटर लांब आहे आणि नावा जाण्यासाठी खणलेला युरोपातील तो पहिला बोगदा होय. गंमत अशी, की त्याच टेकडीच्या पोटात आणखी दोन बोगदे आहेत. एक १२४७ साली मोंतादीचे तळे उपसून शेते करण्यासाठी खणलेला, आणि दुसरा एकोणिसाव्या शतकात आगगाडीसाठी केलेला. दोन्ही कालव्याच्या खालून जातात.

बोगद्यातून बाहेर पडून थोडे पुढे गेले, की बेझ्ये गाव दिसू लागते. टेकडीवरचे चर्च, खाली ऑर्ब नदी. पण नाव अजून उंचावर असते. नदीपर्यंत २१.५ मीटर उतरावयाचे आणि अंतर अवघे सुमारे ३०० मीटर! येथे रिकेने आपल्या जन्मगावासमोर आठ हौद जिन्यासारखे एकाखाली एक बांधविले. एका हौदाचा खालचा दरवाजा तोच पुढच्या हौदाचा वरचा दरवाजा; म्हणून आठ हौदांना दरवाजे नऊ. याला फोन्सरानचा जिना म्हणतात. हे काम लिहिता-वाचता न येणाऱ्या दोन भावांनी अंगावर घेतले होते आणि त्यावर राबणाऱ्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या.

हा जिना उतरणे हा सगळ्या प्रवासातील पाहण्याजोगा भाग. पहिल्या हौदात नाव शिरते, मागचा दरवाजा मिटतो आणि पुढच्या दरवाजातील झडपा उघडतात. नाव खाली जाऊ लागते आणि तिच्या पुढचा हौद भरू लागतो. दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीला आले, की दरवाजा उघडतो, नाव पुढच्या पायरीवर येते आणि पुन्हा तेच. एकच हौदभर पाणी नावेच्या सोबतीने पायरी-पायरीने खाली जात असते. वर चढणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या नावा एकाच वेळी सोडल्या, तर सगळाच घोटाळा होईल. म्हणून चढण्याच्या आणि उतरण्याच्या वेळा वेगवेगळ्या ठरवून दिलेल्या आहेत. काठावर बघ्यांची गर्दी जमते. नावेवरच्या माणसांना मात्र इकडेतिकडे पाहण्यास सवड नसते; दोर सोडण्यात एक क्षणाची चूक झाली, तरी नाव भिंतीवर आपटते. पूर्वी नावा जिन्याच्या तळाशी ऑर्ब नदीत उतरत आणि नदीला पूर आला किंवा पाणी आटले, तर दिवसचे दिवस खोळंबून राहत. १८५८ मध्ये नदीवर पूल बांधून त्यावरून कालवाच पलीकडे नेला. तेव्हापासून नावा सहा हौद उतरून पुलाकडे वळतात आणि नावेतून जाताना खाली वाहणारी नदी दिसते.

बेझ्येपासून समुद्र फार दूर नाही. थो नावाच्या खाऱ्या सरोवराला कालवा मिळाला, की काम पुरे होणार होते. रिकेजवळचे पैसे केव्हाच संपले होते. कर्जाचे ओझे वाढत चालले होते आणि कोल्बेरचा त्याच्यावरील विश्वासही पूर्वीसारखा राहिला नव्हता. १ ऑक्टोबर १६८० रोजी तुलूज येथे रिकेचा मृत्यू झाला. कालव्याचा अगदी थोडा भाग तेवढा राहिला होता. त्याच्या मुलाने तो पुरा केला आणि १६८१ च्या मे महिन्यात तुलूजहून निघालेल्या नावा समुद्राच्या दिशेने गेल्या. मुलांनी बापाचे कर्ज फेडता फेडता १७२४ साल उजाडले. तेव्हा कोठे कुटुंबाला या कालव्यापासून नफा मिळू लागला.

पुढे १८५७ मध्ये आगगाडी आली आणि माल तिच्याकडे वळला. सरकारने तर कालवा चाळीस वर्षांसाठी त्या आगगाडीच्या कंपनीलाच भाडेपट्ट्याने दिला. मांजराला दूध राखावयास बसविण्याचाच हा प्रकार! विसाव्या शतकाच्या अखेरीस मालाच्या नावा बंद झाल्या. आज येथून जातात त्या बहुतेक सहलीच्या नावा, आणि त्यांना ताशी ८ किलोमीटरहून अधिक वेगाने जाता येत नाही, कारण लाटांनी काठ ढासळतात. युनेस्कोने १९९६ मध्ये या कालव्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला.

काठ धरून ठेवण्याचे काम एकोणिसाव्या शतकापासून झाडे करीत आली आहेत. कालव्याच्या दोन्ही बाजूंना चिनाराच्या जातीची सुमारे ४२,००० झाडे होती. त्यांची मुळे माती धरतात आणि सावलीमुळे उन्हाळ्यात पाणी कमी उडून जाते. २००६ मध्ये त्यांना एका बुरशीचा रोग लागल्याचे आढळले. या रोगावर औषध नाही. रोगट झाड तोडून जाळावे लागते. नावा झाडांना बांधल्या, की दोरांबरोबर आणि घासलेल्या मुळांवाटे रोग पुढच्या झाडाला जातो. म्हणून झाडांना नाव बांधण्यास मनाई आहे. आतापर्यंत हजारो झाडे तोडली गेली असून त्यांच्या जागी रोगाला दाद न देणारी निरनिराळ्या जातींची रोपे लावली जात आहेत. काही ठिकाणी नाव दाट सावलीतून जाते, तर काही ठिकाणी काठावर नुसते बुंधे आणि काठ्यांना बांधलेली कोवळी रोपे दिसतात.

बेझ्येनंतर आग्द येथे एक अगदी गोल जलपाश लागतो. त्याला दोनऐवजी तीन दरवाजे आहेत. तिसऱ्यातून नाव एरो नदीच्या खालच्या भागात उतरून समुद्राकडे जाऊ शकते. शेवटी आंग्लूच्या टोकावर छोटे दीपगृह दिसते आणि कालवा संपतो. समोर थो सरोवराचे खारे पाणी पसरलेले असते, त्याच्या पलीकडे सेत बंदर. येथवर आलेल्या नावेखालच्या पाण्यात काळ्या डोंगरावरचा पाऊसही मिसळलेला असतो. नावाडी इंजिनाचा वेग वाढवितो आणि नाव सरोवरात शिरते. सेतपर्यंत आता एकही जलपाश नाही.